खिळ्यांची भिंत

मल्लिकार्जुन अप्पा लिंगैक्य झाले त्याला माघ आणि फाल्गुन उलटून गेले होते, चैत्राचे ऊन चौसाळ्याच्या बाजारपेठेवर चांगलेच चढू लागले होते; तरीही त्यांच्या नावाचे खरे जेवण अजून व्हायचेच होते. तिसऱ्या दिवसाचा प्रसाद झाला होता. जंगमस्वामींची पाद्यपूजा यथासांग पार पडली होती. पेठेतले झाडून सारे व्यापारी पंगतीला बसून, हळहळून, हात धुऊन गेले होते. परंतु त्याच दिवशी अप्पांच्या पत्नीने, गंगासागरने, डोळे पुसता पुसता आपल्या दोन्ही मुलांना बजावले होते की, हे जेवण बाजाराचे झाले. अप्पांच्या माणसांचे नव्हे.

अप्पांची माणसे तेव्हा उसाच्या फडात होती. गावालगतच्या टेकाडवस्तीतली घरे दिवाळी सरताच कुलूपबंद होत आणि माणसे बिऱ्हाड बांधून कारखान्यांकडे निघून जात. जाताना प्रत्येक घरची बाई अप्पांच्या दुकानाची पायरी चढे आणि आपल्या घराची किल्ली त्यांच्या हातावर ठेवी. अप्पा ती किल्ली गल्ल्यामागच्या भिंतीवरील खिळ्याला अडकवीत आणि म्हणत, "जा गं बाई, निवांत जा." एवढ्या शब्दावर ती सारी वस्ती निर्धास्त होऊन परमुलखात ऊस तोडीत असे. ही माणसे ज्या दिवशी परततील त्या दिवशी पुन्हा मंडप पडेल, पुन्हा पंगत बसेल, असा गंगासागरचा हट्ट होता. आणि तो दिवस आज उजाडला होता.

सकाळीच नाथा मुकादमाचा फोन आला होता. "अक्का, पाटोदा सोडलं बगा. जेवणाच्या वक्ताला पोचतो. अप्पाच्या फोटूला हार आमीच घालणार, तुमी घालू नका."

त्या बोलण्याने गंगासागरचे मन भरून आले. मागच्या अंगणात दोन्ही सुना गव्हाच्या खिरीच्या पातेल्यापाशी घाम पुशीत उभ्या होत्या. सिरसाळ्याहून आलेली लेक वर्षाराणी पत्रावळ्या मोजून ठेवीत होती. पालीहून आलेले तिचे थोरले बंधू भगवानराव मंडपातल्या खुर्चीवर बसून मंडप कसा असावा यावर मंडपवाल्याला उपदेश करीत होते. सर्व काही मनाजोगते चालले आहे, असे पाहून तिने बेलाची पाने ओंजळीत घेतली आणि फोटोपुढे ठेवण्याकरिता ती दुकानात शिरली.

दुकानात नव्या रंगाचा वास कोंदला होता. गल्ल्यामागची भिंत दुधासारखी पांढरी आणि गुळगुळीत झाली होती, आणि तिच्या मधोमध अप्पांचा मोठा फोटो मंद हसत होता. त्या भिंतीवर दुसरे काहीही नव्हते.

गंगासागरच्या ओंजळीतली पाने खाली गळाली.

"रुद्रेश!" तिने हाक मारली. थोरला मुलगा रुद्रेश बीडला एका कार्यालयात नोकरीस होता आणि आठवड्याची रजा काढून, वडिलांचे कार्य देखणे व्हावे म्हणून राबत होता. तो लगबगीने आत आला. "किल्ल्या कुठं हायत?"

"कोणत्या किल्ल्या, आई?"

"हितल्या. भिंतीवरच्या."

"त्या गंजक्या होय? रंगाऱ्याला अडचण होत होती, म्हणून काढल्या. फेकल्या न्हाईत, बिस्किटाच्या डब्यात टाकल्यात." आणि आईच्या चेहऱ्याचा अर्थ न उमगून तो अभिमानाने पुढे म्हणाला, "खिळे सगळे उपटले, भोकांत लांबी भरून घेतली. बघ, अप्पांचा फोटो कसा उठून दिसतोय."

तेवढ्यात धाकटा युवराज दारात आला. अप्पांमागे गादीवर तोच बसत असे. परंतु दोन दिवस तो माल आणायला लातूरला गेला होता आणि आत्ताच टेम्पोतून उतरला होता. त्याने भिंत पाहिली. थोरल्या भावासमोर जन्मात आवाज न चढवलेला युवराज एकदम ओरडला, "काय केलंस बे हे तू!"

"तोंड सांभाळून बोल. मला वाटलं जुन्या मालाच्या हायत. हार्डवेअरच्या दुकानात किल्ल्या पडलेल्या असायच्याच."

"टेकाडवस्तीच्या हायत त्या! सगळ्या घरांच्या!"

रुद्रेशने वळून भिंतीकडे पाहिले. शिक्षणासाठी तो लहानपणीच बीडला आईच्या आजोळी राहिला होता, मग तिकडेच नोकरीला लागला. दिवाळीला तो यायचा तेव्हा वस्ती जायच्या तयारीत असे आणि उन्हाळ्यात यायचा तेव्हा भिंत रिकामी असे. "मग चिठ्ठ्या कावून लावल्या न्हवत्या? निदान नंबर तरी?"

"तेंला काय गरज?" युवराजचा स्वर रडवेला झाला. "वरची ओळ म्हंजे वरची आळी, खालची ओळ म्हंजे वढ्याकडची आळी. जसं घर तसा खिळा. अप्पा न बघता हात मागं करायचे आन बरूबर किल्ली काढायचे."

"तू गादीवर बसतोस ना? मग सांग वळखून."

युवराजने डबा उघडला. आत किल्ल्यांचा ढीग होता, एकमेकींत गुंतलेला, सगळ्या सारख्याच काळपट आणि सारख्याच बुटक्या. त्याने मूठभर उचलल्या आणि पुन्हा डब्यात सोडल्या. "वळख खिळ्याची होती, दादा. किल्लीची न्हवती."

आवाज ऐकून भगवानराव आणि वर्षाराणी आत आले. घडला प्रकार कळताच भगवानरावांनी उपरणे झटकले आणि निर्णय देऊन टाकला, "ह्यात एवढं काय? कुलपं तोडा. दुकानात नवी हायत, घरटी एक देऊन टाका. मामला खतम."

"मामाचं बरोबर हाय," रुद्रेश तत्काळ म्हणाला.

"काय बरोबर हाय?" वर्षाराणी पुढे सरसावली. "मामा, सा महिने राबून माणूस आपल्या दारात येणार आन आपण तेच्या दारावर हातोडा हाणणार? चोर तरी दुसरं काय करतो?"

"मग तू सांग काय करायचं."

"खरं सांगायचं."

"खरं सांगायचं!" रुद्रेश तिची नक्कल करीत म्हणाला. "आन उद्या कुणी म्हणालं माझ्या घरातलं अमुक गेलं, तर? सगळ्या किल्ल्या एका डब्यात. कुणाचाही हात कुठंही पोचू शकतो. कुणावर आळ घेणार ती माणसं? अप्पांवरच की. त्यापेक्षा आज सांगू, अप्पांनी किल्ल्या जपून कुठंतरी ठेवल्यात, हुडकून देतो. दोन दिवसांत काहीतरी करता येईल."

"मेलेल्या माणसावर ढकलतोस?" गंगासागर प्रथमच बोलली. आवाज मोठा नव्हता. परंतु रुद्रेशची मान खाली गेली.

"खोटं मात्र नको," भगवानराव पुटपुटले आणि भाच्याच्या बाजूकडून सरकून भाचीच्या बाजूला उभे राहिले. "मला ते पटत न्हाई, रुद्रेश."

चहूबाजूंनी एकटा पडलेला रुद्रेश उसळला. "मंग ऐका! म्हणूनच मी म्हणतो हे दुकान भाड्यानं देऊन टाका. तो मोबाईलवाला कवाचा मागं लागलाय. आई बीडला चलंल, युवराजला मी तिकडं काम बघतो. लोकांच्या घरादाराचा जिम्मा आपण जन्मभर कावून वागवायचा? अप्पांनी वागवला, तेंची हौस. आपल्याला झेपतं का? बघा, एका डब्यात सगळं आलं!"

 युवराज कोऱ्या भिंतीकडे पाहत राहिला. गंगासागरच्या मनात मात्र दुकानाचा विचार नव्हता. तिला डोळ्यांपुढे दिसत होती ती आपल्याच बंद दाराबाहेर उभी असलेली बायाबापडी माणसे, डोक्यावर गाठोडी, कडेवर लेकरे. अप्पांनी हयातभरात दुसरे काही मिळवले नव्हते. बंगला नाही, गाडी नाही, पेठेत मोठेपण नाही. एक भरोसा तेवढा मिळवला होता, आणि त्यांच्या नावाच्या जेवणादिवशीच तो मातीत मिळायची वेळ आली होती. तिने डबा उचलला, पदराखाली घेतला आणि ती पायरीवर जाऊन बसली.

"आई, तू कुठं चाललीस?"

"कुठं न्हाई. तेंची वाट बघते. जे सांगायचं ते मीच सांगीन."

ट्रक आला तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. त्यावर गाठोडी, पातेली, पत्रे, कोंबड्यांच्या डालग्या आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसे होती. ट्रक वस्तीकडे न वळता प्रथेप्रमाणे आधी दुकानापुढेच थांबला. नाथा मुकादम उडी मारून उतरला. तो मनाने चांगला, पण तापट माणूस होता. त्याच्या हातात झेंडूचा मोठा हार होता, वाटेत कुठेतरी घेतलेला आणि वाऱ्याने अर्धा सुकलेला. मागोमाग विमलबाई उतरली. वस्तीतली जाणती, थोराड बांध्याची बाई, जिच्या जिभेला नाथासुद्धा वचकून असे. गंगासागरला पाहताच तिने गळ्यात पडून मोठ्याने रडायला सुरुवात केली. सगळ्या बाया रडल्या. नाथाने हार फोटोला घातला, पागोट्याच्या शेवाने डोळे टिपले आणि जरा वेळाने म्हणाला, "अक्का, किल्ल्या द्या. सामान टाकतो, तोंडावर पाणी मारतो आन पंगतीला येतो."

गंगासागरने पदराखालून डबा काढून पायरीवर ठेवला आणि झाकण उघडले.

"सगळ्या हायत. एकबी कमी न्हाई. पण कुणाची कोणती, ते सांगणारा गेला. भिंत रंगवताना आमच्या हातून एक झाल्या. चूक आमच्या घरची हाय. अप्पाची न्हाई."

पाठीमागे उभा असलेला रुद्रेश पुढे झाला. "माझ्या हातून झाल्या," तो म्हणाला.

नाथा डब्याकडे पाहत राहिला. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. म्हातारा कोणीतरी हळूच म्हणाला, "अरे देवा." तो एवढासा उद्गार गंगासागरच्या काळजात सुरीसारखा गेला.

"चला मंग," विमलबाईने पदर कमरेला खोचला. "हितं उभं ऱ्हाऊन दारं उघडत्यात का? एकेक लावून बगू. फडात सा महिने कोयता चालवला, आता जरा किल्ली चालवू."

कोणी हसले नाही. परंतु सगळे निघाले. पुढे विमलबाई डबा घेऊन, मागे वस्ती, आणि सर्वांमागे अप्पांचे कुटुंब. भगवानराव धापा टाकीत चढ चढत होते आणि तरीही मध्येच थांबून युवराजला रस्त्याचे काम कसे निकृष्ट झाले आहे ते सांगत होते.

विमलबाईचे घर पहिले होते. दारावर गंजके कुलूप लोंबत होते. नाथाने एक किल्ली लावली, फिरली नाही. दुसरी आतच गेली नाही. बऱ्याच खटपटीनंतर एक किल्ली खट्‌कन फिरली आणि कुलूप उघडले. घोळक्यातून सुटकेचा आवाज निघाला. नाथाने ती किल्ली विमलबाईला द्यायची ती घाईत हातातच धरली आणि शेजारच्या, म्हणजे स्वतःच्या, घराकडे वळला. डब्यातली दुसरी किल्ली घ्यावी हे न सुचून त्याने तीच आपल्या कुलपात घातली.

तेही कुलूप उघडले.

नाथाने किल्लीकडे पाहिले. मग विमलबाईच्या दाराकडे पाहिले. मग तो तिसऱ्या घराकडे गेला आणि तीच किल्ली लावली. खट्. चौथे उघडले नाही. पाचवे उघडले.



"हे कुलूप कुठून घेतलंवतं?" नाथाने मागे न वळता विचारले.

"अप्पाच्या दुकानातून," कोणीतरी म्हणाले.

"आन हे?"

"अप्पाच्याच."

नाथा वळला. त्याच्या कपाळाची शीर तट्ट फुगली होती. "म्हंजे एका आईची लेकरं हायत समदी! एका किल्लीत निम्मी वस्ती उघडती! आन आमी एवढी वर्सं मुलूख सोडून निवांत निजत होतो? अक्का, हे अप्पाला ठावं होतं?"

 गंगासागरला खरोखरच ठाऊक नव्हते. ज्या माणसाला चहात किती साखर लागते, खोकल्याची उबळ कोणत्या कुशीवर वळले की थांबते, हे सगळे तिला ठाऊक होते, त्याने माणसांना खोटी कुलपे विकली की काय, एवढे मात्र तिला सांगता येत नव्हते. तिने आधारासाठी वर्षाराणीचा दंड धरला. जे काही अप्पांचे म्हणून उरले होते, ते आता ह्या चढावर, ह्या उन्हात, नाथाच्या पुढच्या शब्दावर राहणार होते किंवा जाणार होते.

"ठावं होतं," विमलबाई म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती आपल्या उघड्या उंबऱ्यावर बसली होती, चुंबळ काढून तिने मांडीवर ठेवली होती.

"मलाबी ठावं होतं. माझी थोरली पाळण्यात हुती तवाची गोष्ट. तवा किल्ल्या आपल्या आपल्यापाशीच असायच्या, कमरंला. मी चुकून नंदंची किल्ली लावली आन माझं दार उघडलं. मी तशीच पळत दुकानात गेले. म्हणलं, अप्पा, हे काय? अप्पाचं तोंड असं उतरलं, माय! मला म्हणाले, विमल, एक खोकाच्या खोका खराब आला बग, आन मी समद्या वस्तीला इकून बसलोय. मी म्हणलं, मंग बदलून द्या. तर म्हणाले, बदलायचं म्हंजे सांगावं लागंल. आन सांगितलं की आज रातीपासून परतेक माणूस शेजाऱ्याच्या कमरंकडं बगंल. ते कसं बदलून देऊ?"



"दुसऱ्या दिवशी अप्पा वस्तीवर आले. म्हणाले, फडात किल्ल्या हरवत्यात, कुलपं तोडावी लागत्यात, तवा जाताना माझ्याकडं देत जावा. तवापासून ही चाल पडली. एकाच्याबी खिशात किल्ली न्हाई, मंग कुणाचं दार कोण उघडणार? आन कुणाचं कुलूप गंजलं की अप्पा जुनं ठिवून घ्यायचे आन चांगलं नवं द्यायचे, पैसं न्हाई घ्यायचे. ते चौथं उघडलं न्हाई ना? ते तसलं हाय. मला म्हणाले, विमल, तोंड बंद ठिव, न्हाई तर समदे एकदम बदलाय येतील आन माझ्यापाशी आत्ता त्याच खोक्यातली शिल्लक हायत."

हे शेवटचे वाक्य तिने अप्पांच्याच घोगऱ्या आवाजात, त्यांच्यासारखीच मान तिरपी करून म्हटले. वस्तीतल्या एका म्हातारीला हसू फुटले. तिने तोंडावर पदर घेतला. पण हसू आवरेना.

नाथाचा चेहरा अजून ताठच होता. "म्हंजे एवढी वर्सं माझं घर उघडायचं तुला जमत हुतं, वहिनी?"

"जमत हुतं की! पण भावजी, तुमच्या घरात न्यावं असं हाय काय? बायको तेवढी चांगली हाय, ती तुमी संगंच नेता."

मग मात्र बांध फुटला. बाया हसल्या, पुरुष हसले, नाथाची बायको लाजून गाठोड्याआड गेली, आणि अखेर स्वतः नाथा गुडघ्यावर हात ठेवून हसू लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आले; ते कशाचे होते हे त्यालाही सांगता आले नसते. "काय माणूस हुता!" तो म्हणाला. "आपल्या मालाची राखण आपणच केली!"

 गंगासागर विमलबाईच्या उंबऱ्यावरच टेकली. विमलबाईने सरकून तिला जागा दिली.

उरलेली दारे लग्नघरच्या गडबडीत उघडली गेली. जो तो कोणतीही किल्ली कोणत्याही कुलपाला लावून पाहत होता आणि उघडले की आरोळी ठोकत होता. आत सारे जसेच्या तसे होते. कणग्यांवर धूळ, चुलीवर उपडे तवे, दोरीवर विसरलेले एखादे लुगडे. एका घरात मांजर व्याली होती, एवढीच काय ती भर. भगवानरावांनी तर उपरणे खांद्यावर टाकून स्वतः दोन कुलपे उघडली आणि दोन्ही वेळा टाळ्या घेतल्या.

"नवी कुलपं आजच न्या," रुद्रेश नाथाला म्हणाला. "चांगली. मी स्वतः पारखून देतो."

"द्यायची का न्हाई ते तुमचं बगा. पण दिवाळीला किल्ल्या तुमच्याच दुकानात येणार. आता सवय पडली." मग नाथाने त्याला निरखून पाहिले. "दुकान हाय न्हवं?"

रुद्रेशने युवराजकडे पाहिले. युवराज दुसरीकडे पाहत होता. "हाय," रुद्रेश म्हणाला. मग भावाजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाला, "खिळे मी ठोकतो. कोणतं घर कुठं, ते तू सांग."

"एवढी लांबी भरून गुळगुळीत केलीस, तेला भोकं पाडतो का आता?"

"पाडतो. गप ऱ्हा."

"मोबाईलवाल्याला काय सांगतोस?"

"तेला एक कुलूप देतो. त्या खोक्यातलं."

पंगती उठता उठता ऊन कलले. अप्पांची समाधी ओढ्याच्या अंगाला त्यांच्याच शेतात होती, साधा सिमेंटचा ओटा आणि उशाला बेलाचे रोप. गंगासागर एकटीच तिकडे गेली. वर्षाराणी मागोमाग निघाली होती, परंतु आईचा आवाज कानी येताच ती बांधावरच थांबली. माघापासून ह्या ओट्यापाशी आईने हात जोडले होते, डोळे गाळले होते, विभूती वाहिली होती. आज ती कमरेवर हात ठेवून उभी होती.

"एवढा संसार केला तुमच्यासंगं आन मला सांगितलं न्हाई? त्या विमलला सांगितलं! मी काय गावभर दवंडी पिटली असती? मी हितं सणासुदीला तुमच्यावर करवादायची, दुकानातली कुलपं फुकट वाटता म्हणून, आन तुमी ऐकून घ्यायचे, मिशीत हसायचे! आता हसा. हसा म्हणते. लई शाने!"

ती बराच वेळ भांडली. जुनी, राहून गेलेली भांडणेही तिने त्यात उरकून घेतली. मग पदराने तोंड पुसून, बेलाच्या रोपाला तांब्याभर पाणी घालून ती माघारी वळली. माघापासून ती केवळ कोणी वाढले म्हणून चार घास गिळीत असे, चव कशाचीच लागत नसे. अंगणात येताच ती जात्याशेजारी मांडी घालून बसली आणि धाकट्या सुनेला हाक मारली.

"योगिता, खीर शिल्लक हाय का गं?"

"हाय आई. वाटीभर देऊ?"

"वाटीभरानं काय व्हतंय? ताट आण. आन तूप आखडू नको."